गाळलेला शब्द

१८ ऑगस्ट १९९७, सोमवार

कंपनीचे जपानी इंजिनिअर हिराइवा-सान रविवारी नागोयाला चालले. नव्या गिअरबॉक्सचं डिझाइन तिकडं मंजूर व्हायचंय, पाच-सहा आठवडे लागतील. आज कारखान्याच्या शॉपवर सगळ्या फिटर लोकांना गोळा करून सूचना दिल्या. म्हणजे त्यांनी जपानीत दिल्या आणि मी मराठीत. पुंजाराम म्हणाला, "साहेब, त्ये एवढं लांबलचक बोलले आन् तुम्ही एका वाक्यात उरकलं." मी म्हटलं, "बाकीचं सगळं 'कृपया' होतं." सगळे हसले. खरंही आहे. अजिंठ्याला गाइड होतो तेव्हापासूनची सवय आहे, पाहुण्याला लागतं तेवढंच द्यायचं.

परत येताना गाडीत त्यांनी एक बातमी सांगितली. ओकुसानना दिवस गेलेत. ओकुसान म्हणजे त्यांच्या पत्नी, काझुए नाव. लग्नाला नऊ वर्षं झाली, आता पहिल्यांदा. मी अभिनंदन केलं, पण चेहरा काही खुलला नाही. म्हणाले, "तिला बाळंतपणाला आईकडे जायचंय. मी म्हणतो, मार्चपर्यंत थांब, काम संपलं की दोघं जाऊ. तर म्हणते, इथं मला मूल नको." मग वाळूजच्या रस्त्याकडं बघत म्हणाले, "म्हस्के-सान, अधूनमधून घरी चक्कर टाका." टाकतो म्हटलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सिडकोत त्यांच्या बंगल्यावर गेलो. माझी बायको मथुराही आली. नको म्हणत होतो, भाषा येत नाही, काय करणार जाऊन? ती म्हणाली, "परदेशात पोटुशी बाई एकली हाय. भाषेचं काय लोणचं घालायचं?"

दोघी तासभर बसल्या. ओकुसानना वरणभाताचा वास सहन होत नाही, हे मथुराला खुणेनं कळलं. मी दुभाष्याचं काम करायला गेलो तर मथुरा म्हणाली, तुम्ही जरा बाहेर बसा.

९ सप्टेंबर, मंगळवार

वाईट दिवस.

ओकुसानना नेहमीच्या तपासणीसाठी डॉक्टर रईसांकडं नेलं. त्रास काहीच नव्हता, उलट मळमळ थांबली म्हणून त्या खुशीत होत्या. डॉक्टरबाई सोनोग्राफीच्या पडद्याकडं फार वेळ बघत राहिल्या. मग कापडी आडोशाबाहेर थांबलेल्या मला हाक मारली आणि इंग्रजीत सांगितलं. मी जपानीत सांगितलं की बाळाचं हृदय थांबलंय. किती सरळ वाक्य आहे. व्याकरणाला काही अडचण आली नाही.

त्यांनी एकदाच "हाय" म्हटलं. त्यांच्याकडं 'हो'ला तोच शब्द. रडल्या नाहीत. क्युरेटिंग, म्हणजे पिशवी साफ करणं, उद्या सकाळी करायचं ठरलं.

घरी सोडल्यावर त्यांनी नागोयाला फोन लावला. मी व्हरांड्यात उभा होतो. एकच शब्द दोन-तीनदा ऐकू आला, नीट लागला नाही. कुणाचं खासगी बोलणं म्हणून मी मुद्दाम कान दिला नाही. फोन ठेवून त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ते येताहेत. मिळेल त्या विमानाने." तेव्हा मात्र डोळे भरले त्यांचे.

११ सप्टेंबर, गुरुवार

क्युरेटिंग काल नीट झालं. मथुरा दोन दिवस तिथंच आहे. पोरीला शेजारी द्वारकाबाईंकडं ठेवलंय.

आज ऑफिसात आप्पासाहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. ते पर्सनलचे मॅनेजर, त्यांना सगळं तासाभरात हवं असतं. हिराइवांची रजा आणि दवाखान्याचा खर्च मंजूर व्हायला नागोयाच्या मुख्य ऑफिसला डॉक्टरांचा रिपोर्ट जपानीत पाहिजे. एक प्रत त्यांच्या कल्याण विभागाला, एक हिराइवांना.

रिपोर्ट चार ओळींचा. 'मिस्ड अ‍ॅबॉर्शन', मग आठवडे, मग 'इव्हॅक्युएशन' केलं, पेशंटची तब्येत ठीक. 'मिस्ड'नं अडवलं. हुकलेला गर्भपात म्हणजे काय? गर्भपात हुकला तर मूल राहायला पाहिजे. डॉक्टर रईसांना फोन लावला, ऑपरेशनमध्ये होत्या. अ‍ॅबॉर्शनला डिक्शनरीत दोन शब्द होते, 'चूझेत्सु' आणि 'र्‍यूझान'. चूझेत्सु ओळखीचा, बातम्यांच्या कॅसेटमध्ये ऐकलेला, अक्षरं 'मध्येच तोडणं' अशी. र्‍यूझानची अक्षरं 'वाहून गेलेला जन्म' अशी. ते मला जरा कवितेसारखं वाटलं. ऑफिसच्या कागदाला ठसठशीत शब्द बरा. शिवाय डॉक्टरांनी स्वतः काढलेलं आहे, आपोआप काही वाहून गेलेलं नाही. चूझेत्सु घातला. 'मिस्ड' गाळून टाकला, त्यानं अर्थाचा गोंधळच झाला असता.

पाऊण तासात फॅक्स गेला. आप्पासाहेब म्हणाले, "म्हस्के, तुमच्यासारखा माणूस पाहिजे." बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१५ सप्टेंबर, सोमवार

हिराइवा येत नाहीत. शुक्रवारी तिकडून आप्पासाहेबांना कळवलं की काम संपल्यावर ठरल्या तारखेलाच येतील. रजा रद्द.

मला फार राग आला. नऊ वर्षांनी राहिलेलं मूल गेलं आणि या माणसाला गिअर सुटत नाहीत. पुंजारामला सांगितलं तर तो म्हणाला, "बडे लोक." ही माणसं कामाच्या बाबतीत अशीच, मी अजिंठ्याला वर्षानुवर्षं पाहिलीत. लेण्यातसुद्धा घड्याळ बघतात.

ओकुसानना सांगायची पाळी माझ्यावर येईल म्हणून धास्ती होती. पण त्यांना माहीत होतं. शुक्रवारीच फोन आला होता म्हणे. एवढंच म्हणाल्या, "त्यांनी मला एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. मग त्यांनी तोच प्रश्न परत विचारला." कोणता प्रश्न ते मी विचारलं नाही. नवरा-बायकोचं.

१७ सप्टेंबर, बुधवार

मराठवाडा मुक्तिदिनाची सुट्टी. झेंडावंदन करून सिडकोत गेलो. मथुरा सकाळपासून तिथंच. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, डोक्याला फडकं, अंगाला तेल. मी म्हटलं, हे सगळं बाळंतिणीचं आहे, इथं कशाला? ती म्हणाली, "शरीर बाळंतिणीचंच असतं. नुसतं लेकरू नसतं."

"तुला कसं माहीत?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि तेल चोळत राहिली.

मागच्या अंगणात बदामाच्या झाडाखाली ओकुसाननी एक गोल दगड ठेवलाय, त्याला लाल कापडाचा तुकडा गळ्याशी बांधलाय. मी मथुराला समजावून सांगितलं, हा त्यांचा जिझो, लहान मुलांना सांभाळणारा देव. तिनं विचारलं, "असलेल्या, का गेलेल्या?" मी म्हटलं, गेलेल्या. जाताना तिनं कुंपणावरचं कण्हेरीचं फूल तोडून दगडापुढं ठेवलं आणि तिथंच बसून राहिली. ओकुसान तिच्याशेजारी बसल्या. रिक्षावाला खोळंबला होता, मला हाका माराव्या लागल्या.

२० सप्टेंबर, शनिवार

ही आता रोज जाते. मी म्हटलं, घरचं बघ जरा, त्या बाई बऱ्या झाल्यात. मथुरा एकदम म्हणाली, "बरी झाली म्हणता येतं तुम्हाला. माझ्या वक्ताला तुम्ही अजिंठ्याला पाहुण्यांसंगं व्हता."

होतो खरा. पोरगी व्हायच्या आधीची गोष्ट, शहाऐंशी साल. डिसेंबर, ऐन सीझन, ओसाकाचा मोठा ग्रुप. चौथ्या दिवशी घरी आलो तर ती भाकरी टाकत होती. आई म्हणाली, "खराब झालं, होतं कधीकधी." मला वाटलं, ही कामाला लागली म्हणजे सावरली. ते हिच्या इतकं लक्षात असेल असं वाटलं नव्हतं.

४ ऑक्टोबर, शनिवार

हिराइवा काल आले. आज सकाळी त्यांच्याबरोबर गाडीत होतो. नगर नाका मागं पडल्यावर त्यांनी काचेबाहेर बघत विचारलं, "म्हस्के-सान, डॉक्टरांकडे तुम्ही स्वतः होतात?"

"होतो."

"तिनं डॉक्टरांना काय सांगितलं? शब्द आठवतात?"

"काही नाही सांगितलं. 'हाय' म्हणाल्या फक्त."

"म्हणजे काढून टाका, हे तिनं सांगितलं नाही? मग ठरवलं कुणी?"

मला प्रश्नच कळेना. मी म्हटलं, "ठरवायचं काय, हिराइवा-सान? बाळ आधीच गेलं होतं. हृदय थांबलं होतं. मीच सांगितलं ना त्यांना."

ते सावकाश माझ्याकडं वळले. म्हणाले, "कागदावर चूझेत्सु आहे."

"हो. अ‍ॅबॉर्शन."

"चूझेत्सु म्हणजे ठरवून करतात तो." हे त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "आपोआप होतो तो र्‍यूझान. तिनं फोनवर र्‍यूझान म्हटलं होतं."

ड्रायव्हरला त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले आणि रस्त्याच्या कडेला पाठ करून उभे राहिले. शिफ्टच्या बसगाड्या शेजारून जात होत्या. मी गाडीतच बसलो. उतरायला पाहिजे होतं. व्हरांड्यात ऐकलेला शब्द आता स्पष्ट ऐकू येत होता.

त्यानंतर दिवसभर ते शॉपवर होते, मी त्यांचं बोलणं मराठीत सांगत होतो. काय सांगितलं ते आठवत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

डॉक्टर रईसांच्या घरी गेलो, जयसिंगपुऱ्यात. रविवार असूनही त्यांनी आत बसवलं, पाणी दिलं. सगळं सांगितलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "म्हस्के साहब, लफ्ज समझ में नहीं आया तो पूछना था ना. मेरे को दोबारा एक फोन करते."

मग मराठीत सांगितलं. आम्हा डॉक्टरांच्या इंग्रजीत आपोआप झालं काय आणि कुणी केलं काय, दोन्हीला अ‍ॅबॉर्शनच म्हणतात. आणि मिस्ड म्हणजे बाळ गेलेलं असतं, पण आईच्या शरीराला त्याचा पत्ताच नसतो. ते आपलं सांभाळतच राहतं. म्हणून पिशवी साफ करावी लागते. "तो 'मिस्ड' सबसे जरुरी लफ्ज था," त्या म्हणाल्या. "त्यावरूनच कळतं, बाईनं काही केलेलं नाही."

येताना पाणचक्कीपासून चालत आलो. आपल्याकडं गर्भपात झाला म्हणतात, गर्भपात केला म्हणतात. नाम एकच, क्रियापदावर सगळं निभतं. माझ्या कानाला ते एकच नाम इतकं सवयीचं की त्यांच्याकडं दोन का असावीत, हा प्रश्नसुद्धा पडला नाही. दोन्ही शब्द माझ्यासमोर होते. बोट ठेवून मी एक निवडला.

घरी मथुराला सांगितलं. वाटलं, ती धीर देईल. ती म्हणाली, "म्हंजी त्या नवऱ्याला वाटलं, हिनंच मारलं?" मी मान हलवली. "आन् ती एवढे दिवस त्ये घेऊन बसली व्हती? माझ्यासमोर?" मग स्वयंपाकघरात गेली. भांडी फार वाजत होती.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दुरुस्त भाषांतर केलं. डॉक्टर रईसांना दोनदा विचारून, आणि पुण्यात मला जपानी शिकवणाऱ्या बाईंना फोनवर वाचून दाखवून. खाली लिहिलं की आधीची चूक सर्वस्वी माझी आहे. आप्पासाहेब म्हणाले, "ते वाक्य काढा, कंपनीचं हसं होईल." मी काढलं नाही. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

नागोयाच्या कल्याण विभागाचं संध्याकाळी एका ओळीचं उत्तर आलं, नोंद घेतली म्हणून. तिथल्या सगळ्या विभागानं पहिला कागद वाचला असणार. हा दुसरा किती जण वाचतील?

८ ऑक्टोबर, बुधवार

ओकुसानकडं गेलो. मथुराला बरोबर घेतलं नाही. हिराइवा घरात होते, पण आतल्या खोलीत. बाहेरच्या खोलीत दोन बॅगा भरून ठेवलेल्या होत्या.

मी त्यांच्या रीतीनं जमिनीला कपाळ टेकून माफी मागितली. पाठ करून गेलेली वाक्यं होती, मध्येच विसरलो. त्या म्हणाल्या, "म्हस्के-सान, उठा."

उठलो. त्यांनी चहा दिला. मग हळू बोलल्या, मला नीट कळावं म्हणून सोप्या शब्दांत.

"तुमची चूक झाली. पण तुमचा कागद चार ओळींचा होता. मी त्यांच्याबरोबर नऊ वर्षं राहिले. फोनवर मी सांगितलं तेव्हा ते रडले. मग कागद आला."

मी म्हटलं, "आता दुरुस्त केलाय, ओकुसान. त्यांनी वाचला. त्यांना पटलंय."

"हो, पटलंय," त्या म्हणाल्या. "याही वेळी कागदच पटलाय."

मी हिराइवांची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, तुम्ही 'इथं मूल नको' म्हणाला होतात, त्यामुळं त्यांना वाटलं असेल. त्यांनी पहिल्यांदा आवाज चढवला. "इथं नको म्हटलं होतं. आईजवळ हवं होतं." आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दार मात्र उघडलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

ओकुसान गेल्या. चिकलठाण्याहून मुंबईच्या विमानानं, पुढं जपानला आईकडं. हिराइवा विमानतळावर आले होते. बॅगा त्यांनी उचलल्या. दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करताना बघवत नव्हतं, इतका तो नेमका आणि परका होता.

मथुराला ओकुसाननी मिठी मारली. त्यांच्यात असं करत नाहीत. काहीतरी बोलल्या, हळू आवाजात, मला ऐकू आलं नाही. मथुरानं व्हय व्हय करत मान हलवली. रिक्षात विचारलं, "काय म्हणाल्या?"

"मला काय ठावं? जपानीत बोलली ना."

"मग तू काय उत्तर दिलंस?"

"लेकी, जपून जा म्हणलं. दुसरं काय म्हणायचं?"

२० ऑक्टोबर, सोमवार

आप्पासाहेबांनी नोकरी ठेवली. हिराइवांनीच सांगितलं म्हणे, याच्याशिवाय माझं भागणार नाही. मी हिराइवांना म्हटलं, तुम्ही मला काढायला हवं होतं. ते मशीनवरून नजर न काढता म्हणाले, "तुमचा शब्द चुकला. मी तो वाचून विमानाचं तिकीट रद्द केलं. तिकीट रद्द करायला भाषांतर लागलं नाही."

मग पुंजारामला बोलावून त्यांनी एका बेअरिंगबद्दल सांगायला सुरुवात केली. मी मराठीत सांगत गेलो.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

पाडवा. हिराइवांना जेवायला बोलावलं होतं. मथुराला आधी विचारलं. ती म्हणाली, "येऊ द्या. उपाशी ठेवून काय व्हनार." पुंडलिकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत ते मांडी घालून बसले, पुरणपोळी मुकाट्यानं खाल्ली. निघताना मला म्हणाले, तुमच्या पत्नीला सांगा, मी असायला हवं होतं तिथं त्या होत्या. मी सांगितलं. मथुरानं पदर सावरला आणि दुसरीकडं बघितलं. ते गेले.

पोरगी शेजारी खेळायला गेली होती. मथुरा ताटं उचलता उचलता थांबली.

"त्यांच्यात दोन शब्द हायत म्हणला व्हता. त्यो दुसरा काय?"

"र्‍यूझान."

"म्हंजी?"

"वाहून गेलेला जन्म."

ती ताटं खाली ठेवून बसली. "आपल्यात?"

"गर्भपात."

"त्यो डॉक्टरचा. सासूबाई म्हणल्या, खराब झालं. नासलेल्या दुधाला म्हणत्यात तसं. मी कुणाला कायच म्हणलं नाय. काय म्हणायचं त्येच ठावं नव्हतं."

अकरा वर्षं आम्ही याच घरात समोरासमोर बसून जेवतोय. मी विचारलं, "तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं?"

"कोन असनार? जाऊ द्या आता. च्या ठेवते."

ती उठायला लागली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, चहा राहू दे. तिनं माझ्याकडं पाहिलं, हा खरंच विचारतोय का ते बघावं तसं. मग सांगायला लागली, अगदी सकाळपासून. मी मध्ये एकदाही बोललो नाही.

तिनं काय सांगितलं ते इथं उतरवत नाही. माझ्या हातून त्यातलं काहीतरी गळेल.